माती खाणारे सर

वसतिगृह,
६ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर मी 'बरं आहे' यापलीकडे काही बोलत नाही, ही तुझी तक्रार मान्य. म्हणून पत्र लिहायला बसलो आहे, आणि पत्रात खोटं लिहवत नाही. बरं नाही.

तुमच्या गावच्या माती तपासणी प्रयोगशाळेनं मला घ्यायचं ठरवलंय आणि जुलैपर्यंत माझी जागा राखून ठेवलीय, हे तुला ठाऊक आहे. पण कॉलेजच्या ना-हरकत पत्राशिवाय मला इथून हलता येत नाही. ते मागायला गेलो तर प्राचार्यांनी मला चहा पाजला आणि अट घातली. शेतीच्या पहिल्या वर्षाला यंदा तीस मुलं भरून दे, त्याच दिवशी सही करतो, म्हणाले. नाही भरली तर अभ्यासक्रम बंद, आणि मी या वसतिगृहाचा कायमचा अधीक्षक, कारण हे काम दुसरं कोणीच पत्करत नाही. गेल्या वर्षी पहिल्या वर्गात नऊ मुलं होती. त्यातली दोन चुकून आली होती, त्यांना भूगोल हवा होता.

वसतिगृह कसं आहे विचारलं होतंस. लांबच लांब व्हरांडा, दोन्ही बाजूंना कुलपं. माझ्या खिडकीला जाळी आहे. तिच्यातून पूर्वी आमचं प्रयोगाचं शेत दिसायचं, आता तिथं फरशा घालून गाड्या लावायची सोय केली आहे. कोपऱ्यात खोलीएवढा तुकडा उरलाय, तो फरशा कमी पडल्या म्हणून. मी रोज सकाळी त्याच्याकडे बघत दाढी करतो.

तर आता मी शाळाशाळांतून फिरतो. प्राचार्यांनी एक मोठं चित्र छापून घेतलंय, त्यावर कोरे करकरीत कपडे घातलेली मुलगी आणि खाली वाक्य : 'मातीत हात न घालता शेतीची पदवी!' मी माती शिकवतो, ताई. वीस वर्षं तेच करतोय. ते चित्र बगलेत घेऊन जाताना मला आपण चोरीचा माल विकतोय असं वाटतं.

काल पहिलीच मोठी शाळा होती. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कॉलेजचा हात हलवणारा यंत्रमानव, माझ्या टेबलावर मातीच्या बरण्या. माझ्याकडे कोण बघणार? मी बोलायला उभा राहिलो तोच मागून एक जण ओरडला की शेती शिकलं की आयुष्याची माती होते. सगळं सभागृह खिदळलं. मला राग आला. आपल्या भाषेनं तरी या बिचारीचं काय वाईट करायचं ठेवलंय! काही बिघडलं की माती झाली, वाया गेलं की मातीत गेलं, चूक केली की माती खाल्ली. मी म्हटलं, खाल्ली तर खाल्ली, आणि बरणीतली चिमूटभर माती उचलून तोंडात टाकली.

यात वेडेपणा काही नाही, आम्ही मातीवाले हे करतो. पुढच्या दातांत धरली की कळतं. वाळू करकरते, गाळाची माती बारीक कुरकुरते, चिकणमाती लोण्यासारखी गप्प राहते. हे मी त्यांना सांगितलं. असा सन्नाटा मी माझ्या वर्गातही कधी ऐकला नव्हता. मग टाळ्या. यंत्रमानवाकडची सगळी गर्दी माझ्याकडे. कोणीतरी फोनवर चित्रण केलं, ते आता गावभर फिरतंय म्हणे.

त्या गर्दीतल्या चार मुलांनी नावं दिली. चारच, पण दिली.

भाऊजींना नमस्कार, भिंगरीला गोड पापा. लोभ जुनाच आहे, तो तसाच ठेव.

तुझा,
ढेकळ्या


घर, दुकानाच्या वर,
१५ जानेवारी

चि. ढेकळ्यास,
अ. उ. आ.

गावभर नव्हे, इथपर्यंत आलंय ते चित्रण! दुकानात एक गिऱ्हाईक चष्म्याचा नंबर काढून घेता घेता मला दाखवायला लागलं, की बघा हा माणूस माती खातोय. मी नवा चष्मा लावून बघते तर आमचं शेंडेफळ. लहानपणी तुझ्या तोंडातून माती काढता काढता माझी बोटं तू चावली होतीस. आईनं मला पहाऱ्यावर बसवलं होतं. इतकी वर्षं राखण केली आणि शेवटी चारचौघांत खाल्लीसच! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर मात्र नुसतंच पाणी येत राहिलं, ते कशामुळे ते मला सांगता येणार नाही.

ढेकळ्या, तू सूट तिथून. वरची खोली आम्ही तुझ्यासाठी रिकामी केली आहे. जुन्या फ्रेमांची खोकी तुझ्या भाऊजींनी एकट्यानं खाली नेली आणि त्यानंतर दोन दिवस कमरेला हात लावून फिरत होते. खिडकीला जाळी नाही, नीट ऐक. काढून टाकायला लावली. प्रयोगशाळा इथून चालत जाण्याइतकी जवळ. दुपारचं जेवायला घरी येशील. मग तुझं लग्न, हा विषय मी महिन्यातून एकदाच काढीन, शपथ.

आता कामाचं. भिंगरीनं तुझं ते चित्रण इतक्या वेळा बघितलंय की आम्हाला तुझं भाषण पाठ झालंय. यंदा तिची शाळा संपते. तिनं चष्म्याचं शिक्षण घ्यावं, डोळे तपासायला शिकावं आणि दुकान पुढे न्यावं असं ठरलेलं आहे. तिनंच ठरवलं होतं, गेल्या वर्षी. आता काही विचारलं तर बघू म्हणते. तुला जगातली तीस पोरं मिळोत, पण त्यात माझी नको. तू स्वतः ज्या खड्ड्यातून वर यायला धडपडतोयस त्यात भाचीला बोलावणार नाहीस, एवढी मला खात्री आहे.

तब्येत सांभाळ. पत्र पाठवायला कंटाळू नको, माया पाठवायला मी कंटाळत नाही.

तुझी,
ताई


वसतिगृह,
२० फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. फिरतीवर होतो. आता मला सगळीकडून बोलावणी येतात, पण माझ्या नावानं नाही. माती खाणाऱ्या सरांना पाठवा, असं शाळा कळवतात. मी सभागृहात शिरलो की मुलं ताल धरतात : खा, खा, खा. मातीबद्दल चार वाक्यं बोलायला गेलो तर चुळबुळ सुरू होते. त्यांना चिमूट हवी असते. चिमूट झाली की टाळ्या, टाळ्या झाल्या की नावनोंदणी. आकडा विसाच्या पुढे गेलाय. प्राचार्य मला आता खुर्चीत बसवून बोलतात.

पण माझं तोंड आलं. दिवसाला तीन-तीन शाळा, कुठली कुठली माती, एका शाळेत तर बागेत नुकतंच खत टाकलेलं होतं. जीभ सोलून निघाली. डॉक्टरांनी कडक शब्दांत सांगितलं की हे बंद करा. मी प्राचार्यांना म्हटलं, आता फक्त भाषण करतो. ते उठले, कपाटातून एक डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. बिस्किटांचा चुरा आणि कोको. रंग हुबेहूब. मागच्या रांगेतल्याला काय कळणार, म्हणाले. तुझ्या तब्येतीसाठीच, म्हणाले. उरलेली थोडी मुलं आली की तुझी सही तयार आहे, असंही म्हणाले.

मी डबा घेतला, ताई. घेणार नव्हतो, पण जाळी डोळ्यांपुढे आली आणि घेतला. आता रोज गोड खातो आणि चेहरा मातीचा ठेवतो. त्या सगळ्या तमाशात एक चिमूट तेवढी खरी होती, ती पण गेली.

आणखी एक गोष्ट लपवत नाही. पुढच्या आठवड्यात दौरा तुमच्या गावात आहे, भिंगरीच्याच शाळेत. मी नको म्हणून पाहिलं. यादी प्राचार्यांनी केलेली आहे. मी तिला नाव द्यायला सांगणार नाही, हा शब्द. डब्याचं मात्र तिला सांगू नकोस, मला लाज वाटते.

मुक्काम तुझ्याकडेच. आहे तेवढी माया शिल्लक ठेव, तिची गरज पडणार आहे.

तुझा,
ढेकळ्या


घर,
२४ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला दाखवायचं नाही. ती तुला विचारेल की भिंगरीनं काही लिहिलं का, तेव्हा तू खोकायचं. तू खोटं बोलायला लागलास की खोकतोस, पण आईला वाटेल थंडी आहे.

मामा, मला जमतंय! तुझं बघून मी सुरुवात केली. आधी आमच्या कुंड्यांतली, मग शाळेच्या मैदानातली, मग नदीकाठची. पहिल्यांदा सगळ्याच मात्या सारख्या लागल्या आणि ओकारी आली. आता डोळे मिटून तिन्ही ओळखते. नदीकाठची बारीक कुरकुरते, अगदी तू म्हणालास तशी. तेव्हा इतका आनंद झाला की मी एकटीच ओरडले. मला आजवर कुठलीच गोष्ट अशी माझी माझी कळली नव्हती. सगळ्या नमुन्यांना जागा हवी म्हणून मी दुकानातली चष्म्याची रिकामी घरं घेतली. त्यातलं एक चुकून विकलं गेलं. त्या आजोबांनी घर उघडलं आणि माती सगळी त्यांच्या सदऱ्यावर. बाबांनी बाकीच्या घरांवर माझं नाव लिहून ठेवलं.

मला तुझ्या कॉलेजात यायचंय. आईला तू समजावशील ना? तू येशील तेव्हा शाळेत विचार की कोणाला चव घेऊन ओळखायचीय. मी हात वर करीन. मी बाईंना आणि सगळ्या वर्गाला सांगून ठेवलंय. डोळ्यांवर रुमाल बांधून ओळखणार आहे!

अजून चार दिवस. माझ्यावरचा जीव घेऊनच ये, विसरून येऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


घर,
९ मार्च

चि. ढेकळ्यास,
अ. उ. आ.

न जेवता गेलास. काम निघालं म्हणालास आणि सारखा खोकत होतास. मला थंडी आहे असं वाटावं इतकी मी भोळी नाही.

त्या दिवशी शाळेत काय झालं ते मला बाहेरूनच कळतंय. तिच्या बाई दुकानात येऊन कौतुक करून गेल्या. भिंगरी रुमाल बांधून मंचावर आली, तुझ्या ताटलीतली चिमूट तोंडात टाकली, क्षणभर गप्प राहिली आणि मग खणखणीत आवाजात म्हणाली की ही नदीकाठची गाळाची माती. तू बरोबर म्हणालास आणि सगळी शाळा उभी राहिली. बाई म्हणाल्या की मामा-भाचीची जोडी बघण्यासारखी होती.

पण घरी आली ती सरळ मोरीवर गेली आणि चुळा भरत राहिली. मी विचारलं तर पुन्हा चूळ भरली. चष्म्याची सगळी घरं तिनं कुंडीत रिकामी केली, धुतली, पुसली आणि दुकानात नेऊन ठेवली. चष्म्याच्या शिक्षणाचं बघ म्हणाली. मला हवं होतं तेच झालं. तू तिला काही सांगून परावृत्त केलं असशील, तर उपकार झाले तुझे.

मग मला आनंद का होत नाही? घरात ती ओरडायची, नाचायची, कुंडीतली झाडं उपटायची, तेव्हा मी ओरडायचे. आता दोघी गप्प आहोत. तुझे भाऊजी मला काल म्हणाले की दुकानात एवढ्या काचा आहेत, पण घरात कोणाला काही दिसत नाही. एवढं लांब वाक्य त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

ताटलीत खरी माती होती की डब्यातली, खरं काय ते लिही. मायेला तळ नसतो म्हणून तू थांग लागू देत नाहीस, असं करू नको.

तुझी,
ताई


वसतिगृह,
१४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

हे पत्र आईला दाखवलंस तरी चालेल. तिच्यासाठी वेगळं लिहायचं बळ माझ्यात नाही.

ती गोड होती. प्राचार्यांनी दिलेल्या डब्यातला बिस्किटांचा चुरा होता तो. तुला कळलं, त्या क्षणी मला कळलं की तुला कळलं. रुमालाखाली तुझे ओठ थांबले. तू फक्त खरं बोलली असतीस तरी मी तिथंच संपलो असतो, आणि तो माझा हिशेब झाला असता. तू मात्र सगळ्या शाळेसमोर माझ्यासाठी खोटं बोललीस. तेही इतकं सुंदर, की मी तुला 'बरोबर' म्हणालो. तुला माती ओळखायला मी शिकवलं आणि पहिल्याच परीक्षेत चुकीचं उत्तर द्यायला लावलं.

मी का केलं हे लिहीत नाही. मला इथून सुटायचं होतं, एवढंच ते आहे.

सोबत एक पुडी आहे. खिडकीखालच्या त्या उरलेल्या तुकड्यातली माती आहे, मी स्वतः खणून काढली. तिच्यात काय आहे ते मी लिहिणार नाही. वाटलं तर बघ, नाहीतर कुंडीत टाक.

इकडे येऊ नकोस. हे मी न खोकता लिहितो आहे. वर्ग जवळजवळ भरला, एकच जागा उरली, ती कोणी ना कोणी भरेल. तू चष्म्याचं शीक, तिथं काच ही काचच असते आणि माणसाला खरोखर दिसायला लागतं.

माझ्यावर लोभ ठेव असं म्हणायचा हक्क आज माझ्याकडे नाही.

तुझा,
मामा


घर,
१० जून

चि. ढेकळ्यास,
अ. उ. आ.

तुझं अभिनंदन करू की तुला बडवू, हे ठरेना म्हणून पत्राला उशीर.

तुझं पत्र तिनं मला वाचायला दिलं. मी दोनदा वाचलं आणि तुझ्यावर आधी चिडले, मग नाही चिडले. तुझी पुडी तिनं कित्येक दिवस उघडलीच नाही. मग एका सकाळी चहाच्या आधी उघडली, डोळे मिटले आणि खूप वेळानं म्हणाली की चिकणमाती आहे, पण तिच्यात बारीक वाळू आहे आणि शेवटी किंचित खारट लागते, तिथं पाणी साचत असणार, फरशांमुळे निचरा होत नसणार. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण तिचा चेहरा कळला. तो मी फेब्रुवारीनंतर बघितलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती बाबांना घेऊन गेली आणि तुझ्या कॉलेजात नाव घालून आली. तुला भेटायचंही तिनं टाळलं. तिसावी तीच आहे. मुद्दाम केलंस का विचारलं तर म्हणाली की मला जायचंय म्हणून जातेय, मामा सुटतोय हे वरचं. मी रडले, ओरडले, दोन वेळा जेवले नाही. तिसऱ्या वेळी भूक लागली.

तर आता तू ये. तुझी सही झालीच असेल. देवाणघेवाण म्हण हवं तर. माझा भाऊ मला परत मिळतोय आणि माझी पोर त्या कुलपांच्या व्हरांड्यात जातेय. मी तिला विचारलं की मामा नसेल तर तिथं माती शिकवणार कोण? नवीन कोणीतरी येणार आहे, असं तिला कचेरीत सांगितलंय.

लवकर ये. रागासकट माया तयार आहे.

तुझी,
ताई


वसतिगृह,
१८ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

कसा आहेस? आई लिहिते की तू दुपारी जेवायला घरी येतोस, बाबांशी न बोलता छान गप्पा मारतोस, आणि रात्री खिडकी सताड उघडी टाकून झोपतोस. वाचून मला बरं वाटतं. खरंच वाटतं.

मला तुझीच खोली मिळाली. मुली कमी आहेत, त्यामुळे तळमजला आम्हाला दिलाय. जाळीतून मी रोज तो तुकडा बघते. पावसात त्यात पाणी साचलं, मी म्हटलं होतं तसं!

पिकांच्या बाई चांगल्या शिकवतात. मातीचा तास मात्र रिकामा असतो. नवीन सर आलेच नाहीत, बहुतेक येणारही नाहीत असं बाई म्हणाल्या. आम्ही तीसही जण त्या तासाला बसून राहतो. जवळजवळ सगळे तुला बघून आलेत, मामा. पहिल्या दिवशी सगळे विचारत होते की माती खाणारे सर कुठे आहेत. मी कोणाला सांगितलं नाही की ते माझ्या आईच्या वरच्या खोलीत राहतात. मी त्यांना माझं माझं थोडं शिकवते. पण मला जेवढं येतं तेवढं संपलं.

काल प्राचार्यांनी मला बोलावलं होतं. चहा पाजला. शाळेतली माझी गोष्ट त्यांना माहीत आहे. डोळ्यांवर रुमाल बांधून ओळखणारी मुलगी म्हणजे तुमच्या सरांपेक्षाही भारी, म्हणाले. पुढच्या वर्षीच्या प्रवेशांसाठी मी शाळांतून फिरायचं, हजेरीचं ते बघून घेतील. मग कपाटातून त्यांनी तो डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

मी अजून घेतलेला नाही. आठवडाभर विचार कर म्हणालेत. आम्ही पुढच्या वर्षी कमी पडलो तर अभ्यासक्रम बंद होईल आणि या तीस जणांचं काय होईल, हेही म्हणाले. ते रात्रभर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

तू काय केलं असतंस हे मी विचारत नाही. तू काय केलंस ते मला माहीत आहे. आता काय करू, तेवढं सांग. माझ्यावर जीव आहे ना अजून?

तुझी,
भिंगरी


घर,
२० ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुपारी जेवताना आलं. मी वाचलं, मग ताईनं वाचलं, मग तुझ्या बाबांनी चष्मा पुसून वाचलं. ताई उठली आणि माझी पेटी माळ्यावरून काढायला लागली. भरताना तिनं मला एकदाही विचारलं नाही की नक्की का. फक्त खिडकी लावून घेतली आणि जाळी काढलेल्या भोकांवरून हात फिरवला.

प्रयोगशाळेत राजीनामा दिला. तिथं मला बरं वाटत होतं, हे तुझ्यापासून लपवत नाही. प्राचार्यांना फोन केला. ते इतके खूश झाले की मला भीती वाटली. अधीक्षकाचं कामही करावं लागेल, म्हणाले. हो म्हटलं. शाळांतून फिरावं लागेल, म्हणाले. हो म्हटलं. पण खाईन ती माती खाईन, आणि एका शाळेत एकदाच. तोंड आलं तर येऊ दे.

ना-हरकत पत्र आता परत मिळणार नाही, ते मला माहीत आहे. तू वरच्या मजल्यावर जा, ती जाळीची खोली माझी आहे.

डब्याला हात लावू नकोस. आणि सगळ्यांना निरोप दे : सोमवारी मातीचा तास आहे, येताना चूळ भरून या.

तुझा,
मामा